फाटकातून बाहेर पडणाऱ्या बाया

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज बचत, व्याज, बँकेचे कागद यांपैकी कशावरच बोलायचं नाही. आज सिनेमावर बोलायचं आहे. गाण्या-नाचाच्या सिनेमावर नव्हे. सिनेमा नावाची गोष्ट जगात नुकतीच जन्माला आली होती, तेव्हा कारखान्यात काम करणाऱ्या माणसांची जी चित्रं काढली गेली, त्यांच्यावर. ती कुणी काढली, कुणी पाहिली आणि पाहणाऱ्यांवर त्याचा काय परिणाम झाला, ते सांगतो.

हे सुचलं कुठून, ते आधी सांगायला हवं.

आमच्या गटाचं मसाल्याचं काम आहे. मिरची, धणे, खोबरं भाजायचं, कांडप यंत्रावर कुटायचं, चाळायचं, पुड्या भरायच्या. मागच्या हिवाळ्यात एका कार्यालयाकडून चार माणसं कॅमेरा घेऊन आली. यशोगाथा करायची म्हणाले. आदल्या दिवशी निरोप होता, सगळ्यांनी एका रंगाच्या साड्या नेसा. आम्ही हळदीकुंकवासाठी घेतलेल्या जांभळ्या साड्या नेसलो. त्यांनी पिशवीतून टोप्या आणि हातमोजे आणले होते. ते घातले, काम झाल्यावर परत मागून घेतले. यंत्राचा आवाज होतो म्हणून यंत्र बंद ठेवलं. धूर होतो म्हणून भाजणं बंद ठेवलं. मग हातात पुड्या धरून हसायला सांगितलं. अडीच तास हसलो.

तालुक्याला मेळावा झाला, तिथं तो तीन मिनिटांचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवला. मागं छान संगीत होतं. आम्हीपण टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू. परत येताना टेम्पोत बसलो तेव्हा आमच्यातल्या थोरल्या मावशी म्हणाल्या, "अगं, एवढा वेळ दाखवलं, पण एकीला शिंक नाही की ठसका नाही. मसाला कांडत होतो का साखर?"

सगळ्या हसल्या. पण ती गोष्ट डोक्यात राहिली. पुढं चौकशी करताना, वाचताना कळलं की जगातला पहिला म्हणून जो सिनेमा सांगतात, तो कामगारांचाच आहे. त्यातही बायाच जास्त.

ही गोष्ट १८९५ सालची, फ्रान्स देशातल्या लिओन शहरातली. तिथं लुमिएर नावाच्या घराण्याचा कारखाना होता. त्या काळी फोटो काढायला रसायन लावलेली काच वापरत. अशा काचा त्या कारखान्यात बनत. मालकाचे दोन मुलगे, ऑग्युस्त आणि लुई. त्यांनी एक लाकडी पेटी तयार केली. हातानं दांडी फिरवली की ती एका सेकंदाला सुमारे सोळा फोटो काढायची. तीच पेटी नंतर ते फोटो भराभर पडद्यावरही टाकायची, आणि बघणाऱ्याला माणसं चालताना दिसायची.

एवढी नवलाची पेटी हातात आल्यावर लुईनं ती कशासमोर ठेवली? स्वतःच्या कारखान्याच्या फाटकासमोर.

हा सिनेमा आम्ही मोबाइलवर पाहिला. तुम्हालाही बघता येईल. मोठं फाटक उघडतं, शेजारचं लहान दारही उघडं असतं, आणि बाया बाहेर पडायला लागतात. पायघोळ झगे, पुष्कळजणींच्या कमरेला कामाचे एप्रन, डोक्यावर हॅट. मग पुरुष, मग सायकलवाले, मधेच एक कुत्रं, घोडागाडी. काहीजणी डाव्या हाताला वळतात, काही उजव्या. पन्नास सेकंदांच्या आत सगळं संपतं, कारण पेटीत फिल्मची पट्टी मावायचीच तेवढी, सतरा मीटर.

यात मजा अशी की हे चित्रण एकदाच झालेलं नाही. तीन आहेत, वेगवेगळ्या वेळी काढलेली. जाणकार ती ओळखतात घोड्यांवरून. एकात एक घोडा, एकात दोन, एकात घोडाच नाही. कपडेही बदललेले दिसतात. म्हणजे कामावरून सुटणं खरं, पण ते मालकानं पुन्हा पुन्हा करून घेतलेलं. आणखी एक. एवढी माणसं समोरून जातात, पण पेटीकडे मान वळवून कुणी थांबत नाही. नवी वस्तू दारात उभी असताना माणूस बघितल्याशिवाय राहील का? आपल्याकडे साधा वायरमन खांबावर चढला तर अर्धी आळी गोळा होते. तिथं पेटीमागं उभा होता मालक, आणि समोर होते त्याचे नोकर. त्यांना काय सांगितलं होतं ते ऐकायला आपण नव्हतो, पण आम्हाला आमची जांभळी साडी आठवली.

आता बघणारे कोण होते ते पाहू. हा सिनेमा पहिल्यांदा दाखवला २२ मार्च १८९५ ला, पॅरिसमध्ये, उद्योगधंद्यांना उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेच्या सभेत. लुई तिथं फोटोच्या धंद्यावर व्याख्यान द्यायला गेला होता. सिनेमा हा जोडीला नेलेला जिन्नस, पण लोकांना तोच जास्त भावला. मग २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसच्याच ग्रां कॅफे नावाच्या उपाहारगृहाच्या तळघरात तिकीट लावून खेळ झाला. तिकीट एक फ्रँक. पहिल्या दिवशी पैसे देऊन आले ते फक्त ३३ लोक. दहा छोटे सिनेमे होते, त्यांत पहिला हा फाटकाचाच.

त्या दिवशी तिथं मेलिएस नावाचा एक जादूगार बसला होता, जो पुढं स्वतः मोठा सिनेमावाला झाला. त्यानं नंतर सांगून ठेवलंय की आधी पडद्यावर नुसता स्थिर फोटो आला. त्याला वाटलं, हे तर आम्ही कधीपासून दाखवतोय. आणि मग फोटोतली घोडागाडी चालायला लागली, माणसं चालायला लागली, आणि सगळे बघतच राहिले.

त्या काळच्या प्रेक्षकांबद्दल एक गोष्ट फार सांगतात. पडद्यावर आगगाडी येताना पाहून लोक घाबरून पळाले म्हणे. अभ्यासकांना तिचा पक्का पुरावा सापडलेला नाही. आम्हालाही ती तिखटमीठ लावलेली वाटते. लोकांना नवल वाटलं ते बारीक गोष्टींचं. एका सिनेमात आईबाप बाळाला भरवत असतात, आणि लोक बघत राहिले मागच्या झाडाची हलणारी पानं. म्हणजे रोज दिसतं म्हणून जे आपण बघत नाही, ते पडद्यावर आलं की दिसायला लागतं. फाटकातल्या बायांचंही तसंच झालं असणार. पॅरिसचे शेठलोक कारखान्यांच्या फाटकांवरून कितीदा गेले असतील. पण एक फ्रँक देऊन, अंधारात बसून, कामावरून सुटणाऱ्या बायकांकडे डोळे लावून बघण्याची वेळ त्यांच्यावर तेव्हा पहिल्यांदा आली.

मात्र आपण फाटकातून बाहेर पडताना कशा दिसतो, हे बघायला त्या बाया त्या तळघरात बसल्या नव्हत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

सहाच महिन्यांनी हा खेळ मुंबईत आला. ७ जुलै १८९६, वॉटसन हॉटेल. लुमिएरचा माणूस, मारियस सेस्तिए, पेटी घेऊन आला होता. त्या दिवशीच्या सहा सिनेमांत हा कारखाना सुटल्याचा सिनेमाही होता. तिकीट एक रुपया. तेव्हा मुंबईत कापडाच्या कितीतरी गिरण्या चालू होत्या. कोकणातून, घाटावरून गेलेली आपली माणसं तिथं राबत होती, आणि रिळांच्या खात्यात बाया होत्या. गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. १० जून १८९० ला ती मिळाली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. पण एक रुपया म्हणजे गिरणीतल्या बाईची काही दिवसांची मजुरी. फ्रान्समधल्या कामगार बाया मुंबईच्या पडद्यावर दिसल्या आणि मुंबईतल्या कामगार बाया त्या वेळी गिरणीत होत्या. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेला. तिथं पुढं चार आण्यांचंही तिकीट निघालं, आणि पडद्यातल्या बायकांसाठी वेगळी बसायची सोयही झाली. पण पडद्यातल्या बायका म्हणजे कुणाच्या घरच्या, ते काही सांगायला नको.

लुमिएरचे ते खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर या आपल्या मराठी छायाचित्रकारानं परदेशातून कॅमेरा मागवला. सावे दादा म्हणून ते ओळखले जातात. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनला कुस्ती लावून तिचं चित्रण केलं. आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवात फाटकापासून नव्हे, कुस्तीच्या फडापासून झाली.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगतोय ती. ती आहे इंग्लंडमधली. लँकेशायर नावाचा कापडगिरण्यांचा मुलूख, तिथलं ब्लॅकबर्न शहर. या शहराशी आपला जुना संबंध आहे. आपल्या देशात विकायचं धोतरांचं कापड तिथल्या मागांवर विणलं जाई. तर या ब्लॅकबर्नमध्ये मिचेल आणि केन्यन नावाचे दोन भागीदार होते. मिचेलचं नाव सागर. ऐकून आपल्याकडचा वाटतो, पण तो तिकडचाच.

१९०० च्या आसपास या दोघांचा धंदा असा होता. जत्रेत तंबू लावून सिनेमा दाखवणारे लोक यांना सांगायचे, अमुक गावात आमचा खेळ आहे, तिथल्या गिरणीचं फाटक चित्रित करून द्या. हे दोघे गिरणी सुटायच्या वेळी कॅमेरा घेऊन फाटकावर उभे राहायचे. भोंगा झाला की शेकडो माणसं बाहेर. एका पट्टीत जितके जास्त चेहरे, तितकी जास्त तिकिटं, असा साधा हिशेब. कारण गावात पुकारा व्हायचा, या आणि स्वतःला बघा. कधी त्याच रात्री, कधी एकदोन दिवसांत तंबूत तो सिनेमा लागायचा. लोक सगळ्या घरादाराला घेऊन यायचे. ओळखीचा चेहरा दिसला की तंबूत आरडाओरडा.

हेही काही समाजसेवा म्हणून चाललं नव्हतं. पैशासाठीच होतं. पण मैत्रिणींनो, त्यात एक फार मोठा फरक पडला. लिओनच्या फाटकातली माणसं पेटीकडे बघत नाहीत. लँकेशायरची माणसं थेट बघतात. पोरं कॅमेऱ्यासमोरून एकदा जातात, मागून वळसा घालून पुन्हा येतात, टोप्या उडवतात. कुणी मित्राला पुढं ढकलतो. बायांच्या अंगावर शाली, डोक्यावरून घेतलेल्या, पायात लाकडी तळाची पायताणं. काहीजणी हसून तोंड फिरवतात, काही शालीनं चेहरा झाकतात, काही अशा ताठ बघतात की कॅमेरावालाच लाजला असेल. खेळ लावणारा माणूसही कधी कधी चित्रात येऊन लोकांना हातानं इकडे सरका, तिकडे सरका करताना दिसतो. त्या माणसांना माहीत होतं की हे आपण स्वतः बघणार आहोत. बघणारा परका नाही म्हटल्यावर चेहरा कसा मोकळा होतो, ते तिथं दिसतं.

त्याच काळात, त्याच मुलखातल्या गिरण्यांच्या फाटकांवर आणखी एक गोष्ट चालू होती. १ मे १९०० ला ब्लॅकबर्नमध्ये एक सह्यांची मोहीम सुरू झाली. बायांना मतदानाचा हक्क द्या, अशी मागणी. सह्या घ्यायच्या त्या फक्त कापडगिरणीत काम करणाऱ्या बायांच्या. काम सुटल्यावर दारात कागद घेऊन बाया उभ्या राहायच्या. वर्षभरात लँकेशायरमधून २९,३५९ सह्या झाल्या आणि कागदांचं ते भेंडोळं लंडनच्या संसदेत नेऊन दिलं. सिनेमामुळे सह्या झाल्या असं आम्ही म्हणत नाही. पण फाटकाबाहेर पडणाऱ्या बायांची गर्दी बघून एकाला तिकिटं दिसली, तर दुसरीला सह्या. लगेच काही मिळालं नाही. काही बायांना मत मिळालं १९१८ मध्ये, आणि पुरुषांच्या बरोबरीनं १९२८ मध्ये.

ब्लॅकबर्नजवळच डार्वेन नावाचं गिरण्यांचं गाव आहे. १९३१ मध्ये गांधीजी तिथं गेले होते. आपल्याकडच्या विदेशी कापडावरच्या बहिष्कारामुळे त्या भागातल्या मागांना मोठा फटका बसला होता. तरी तिथला जो फोटो प्रसिद्ध आहे, त्यात गिरणीतल्या बाया गांधीजींना घेरून हात उंचावून हसताना दिसतात. फाटकाच्या सिनेमांतल्या बायांच्या या लेकी-नाती असतील. त्यांनाही कॅमेऱ्याची भीती नाही.

मिचेल आणि केन्यन यांचे ते सिनेमे पुढं लोक विसरून गेले. जत्रा संपली, कोण जपून ठेवतो? पण १९९४ मध्ये ब्लॅकबर्नमधलं त्यांचं जुनं दुकान रिकामं करताना तळघरात धातूची तीन पिंपं सापडली. आत सिनेमाची ८०० च्या वर रिळं. फेकूनच द्यायची, पण एका स्थानिक इतिहासप्रेमी माणसानं ती वाचवली. पुढं तिथल्या राष्ट्रीय चित्रपट संस्थेनं काही वर्षं खपून ती साफ केली, आणि २००५ मध्ये टीव्हीवर त्यांची मालिका आली. शंभर वर्षांपूर्वीची माणसं त्यांच्या नातवंडा-पतवंडांना चालताना, हसताना दिसली.

आणि तेव्हा बघणाऱ्यांना एक गोष्ट दिसली, जी जत्रेतल्या तंबूत कुणाच्या डोळ्यांत खुपली नव्हती. फाटकातून मोठ्या माणसांबरोबर मुलं बाहेर पडतात. एकदोन नव्हे, घोळकेच्या घोळके. तिथं तेव्हा कायदा असा होता की बारा वर्षांचं मूल अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत जाऊ शकतं. अर्धवेळवाली मुलं म्हणत त्यांना. सकाळी गिरणीत राबून आलेलं पोर दुपारी बाकावर झोपायचं. १९१८ च्या कायद्यानं ती पद्धत मोडीत निघाली. तोपर्यंत आईबापांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण तेही तसेच वाढले होते. तंबूत ओरडून ते म्हणत असतील, तो बघ आपला पोरगा! आज आपण तोच सिनेमा बघतो आणि म्हणतो, अरे, एवढंसं पोर.

अमेरिकेतली एक गोष्ट थोडक्यात सांगतो. १९०४ मध्ये पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाऊस कंपनीनं आपल्या कारखान्यांचे वीसेक सिनेमे काढून घेतले. त्यांत बाया विजेच्या यंत्रांवर तारा गुंडाळताना दिसतात. कारखान्याच्या आतलं चित्रण, त्यासाठी खास दिवे लावलेले. एकात बाया रांगेनं येऊन हजेरीचा बिल्ला घेतात, कितीतरी जणी, एकीमागून एक. पण ते सिनेमे कंपनीनं मोठ्या प्रदर्शनात दाखवायला काढले होते. सगळं नीटनेटकं. आम्हाला ते ओळखीचं वाटलं.

हारून फारोकी म्हणून जर्मनीतले एक चित्रपटकार होऊन गेले. त्यांचे वडील भारतातले. त्या पहिल्या सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९९५ मध्ये, त्यांनी कारखान्याच्या फाटकांवर एक माहितीपट केला. जगभरच्या सिनेमांतून कामगार बाहेर पडण्याची दृश्यं गोळा केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सिनेमाचा पहिला कॅमेरा कारखान्यासमोर उभा राहिला, पण पुढच्या शंभर वर्षांत सिनेमा कारखान्यात फारसा शिरलाच नाही. गोष्ट सुरू होते ती काम संपल्यावर. फाटकाबाहेर पडताना सगळे एकत्र दिसतात, आणि दोन पावलांवर ज्याचा तो वेगळा होतो.

हे सगळं आम्ही गटाच्या बैठकीत सांगितलं. तेव्हा आमच्यातली एकजण म्हणाली, मग आपण आपलाच काढू की. फोन तर सगळ्यांकडे आहे.

आम्ही एक फोन फळीवर, डब्याला टेकवून ठेवला. कुणी साडी बदलायची नाही, कुणी हसायचं नाही, यंत्र चालू ठेवायचं. सकाळी सातला लावला. दोनदा जागा भरली, दोनदा दुसऱ्या फोनमध्ये घेतलं. पहिला अर्धा तास सगळ्या जरा अवघडलेल्या होत्या, पदर सारखा करत होत्या. मग मिरची भाजायला घेतली आणि कुणाला फोनचं भान राहिलं नाही. रविवारी एकीच्या घरी टीव्हीला जोडून बघितलं. ठसका होता, शिंका होत्या. थोरल्या मावशी खूश. "आता कसं," म्हणाल्या.

मग हसणं थांबत गेलं. मावशींनी स्वतःची पाठ पाहिली. चाळायला बसल्या की त्या पूर्ण दोन तास वाकलेल्या असतात, मान गुडघ्याला लागेल इतक्या. "मी अशी बसते?" एवढंच म्हणाल्या. दुसरं असं की मिरचीची गोणी उचलायला दर वेळी एकच काकू उठते. आम्ही मोजलं, अकरा वेळा. तिनं कधी तक्रार केली नाही आणि आमच्याही कधी लक्षात आलं नाही. वर्षानुवर्षं एका खोलीत काम करतो.

आणि तिसरी गोष्ट. खोलीच्या कोपऱ्यात, दाराजवळ, शाळेच्या गणवेशात एक पोरगी बसली होती. आमच्यातल्याच एकीची मुलगी, अकरा वर्षांची. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर आली आणि संध्याकाळपर्यंत मिरचीची देठं खुडत होती. मधेच डोळे बाहीला पुसायची. आम्हा सगळ्यांना ती रोज दिसते. कुणी तिला चहा देतं, कुणी बिस्कीट देतं. पण टीव्हीवर ती दिसली तेव्हा खोलीत कुणी बोलेना.

तिच्या आईला राग आला. "घरचंच काम आहे, त्यात काय? तुमच्या पोरी घरी काय करतात?" खरं होतं ते. देठं खुडायची मजुरी आमच्या वहीत कधी धरलेलीच नव्हती. पैसे मिळायचे भरलेल्या पुड्यांवर, किलोच्या हिशेबानं. देठं खुडणं, मिरची वाळवणं, रात्री घरी धणे निवडणं हे सगळं आपोआप व्हायचं. म्हणजे कुणाच्या तरी आईच्या नाहीतर लेकीच्या हातून, फुकट. त्या माउलीला पुड्या जास्त व्हायला हव्या होत्या, म्हणून पोरगी बसायची.

दोन आठवडे ती कामावर आली नाही. आम्ही तिच्या घरी दोनदा गेलो. पहिल्यांदा चहा मिळाला, बोलणं नाही. दुसऱ्यांदा बोलली. तिचं एकच म्हणणं होतं, पोरगी दिसते तेवढा भाग पुसून टाका, ती कुणाला दिसायला नको. आम्ही तो तिच्यासमोर पुसला, दोन्ही फोनमधून आणि पेन ड्राइव्हमधून. व्हिडिओ सगळ्यांचा होता, पण त्या तुकड्यावर हक्क त्या दोघींचा होता.

पुढच्या बैठकीत देठं खुडायचा दर किलोमागे ठरला आणि वहीत त्याचा वेगळा रकाना पडला. आता ते काम गटातल्याच बाया खोलीवर बसून करतात. त्यामुळे पुडीमागं खर्च थोडा वाढला, आणि भाव वाढवायचा का, यावर आमचं अजून भांडण चालू आहे. गोण्यांची पाळी लावलीय, ती कधी पाळली जाते, कधी नाही. मावशींना चाळायला उंच पाट केलाय. त्या म्हणतात त्यावर बसून त्यांना चाळताच येत नाही.

परवा त्या कार्यालयातून पुन्हा फोन आला होता, अजून एक व्हिडिओ करायचाय म्हणून. आम्ही म्हटलं, या. पण यंत्र चालू असेल, आणि दाखवायच्या आधी आम्हाला बघायला द्यायचा. ते विचारून सांगतो म्हणालेत.

ती पोरगी आता शनिवारी दुपारी कधीतरी येते, पण मोबाइल मागायला. तिला त्या लिओनच्या फाटकाचा सिनेमा फार आवडलाय. तिनंच आम्हाला दाखवलं, इतक्यांदा बघून आम्हाला दिसलं नव्हतं ते. फाटकातून दोन बाया बाहेर पडतात, आणि वेगळ्या वाटांना लागताना एक दुसरीचा झगा मागून ओढते. खोडी काढते. समोर मालक पेटी घेऊन उभा आहे हे दोघींना माहीत, त्यामुळे दुसरीला उलटून काही करता येत नाही. ती तशीच पुढं जाते.

"मावशी, परत लाव," पोरगी म्हणते. आम्ही परत लावतो.